हिवाळ्यात परसातील कोंबड्या मरतात कशानं? थंडीपेक्षा कोंदट खुराडं आणि बाजारातून आलेला रोग भारी

देसाईगंज (वडसा) : धान चुरून झालं, तणसाचे ढीग लागले, गावोगावी मंडईचे दिवस सुरू झाले की वडसा, आरमोरी, कुरखेडा आणि नदीपलीकडं ब्रह्मपुरी भागात दोन गोष्टी सोबतच होतात. पाहुणे येतात, रातभर नाटक पाहतात, त्यामुळे गावरान कोंबड्याला मागणी वाढते. आणि त्याच महिन्यांत परसातल्या कोंबड्या मरायलाही लागतात. सकाळी खुराडं उघडलं की एक-दोन आडव्या पडलेल्या. "थंडी लागली" म्हणून लोक विषय संपवतात. आठवड्यानं पाहावं तर अर्धं खुराडं रिकामं.

यात नुकसान होतं ते बहुतेक घरच्या बाईचं. धानाचा पैसा सोसायटीच्या कर्जात आणि दुकानदाराच्या उधारीत जातो. कोंबडी-अंड्याचा पैसा मात्र तिच्या हाती राहतो. लेकराची वही, दवाखाना, बाजार त्यातूनच निघतो. दहा कोंबड्या गेल्या तर हे सगळं थांबतं. म्हणून थंडीनं नेमकं काय होतं आणि काय होत नाही, हे समजून घेतलेलं बरं.

कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं, म्हणजे माणसापेक्षा जास्त. वरून पिसांची गोधडी. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या खाली जातो असे दिवस येतात, पण धडधाकट, पोटभर खाल्लेली, कोरड्या जागी बसलेली मोठी कोंबडी तेवढ्या थंडीनं मरत नाही. पिसं फुगवते, डोकं पंखात घालते, रात्र काढते. थंडीचा खरा धोका तीन जणांना असतो : सहा आठवड्यांच्या आतली पिल्लं, आजारातून उठलेली कोंबडी आणि भिजलेली कोंबडी. बाकीच्या धडाधड मरत असतील तर कारण दुसरीकडं शोधायचं.

खुराडं : उबेच्या नादात कोंडवाडा होतो

थंडी पडली की लोक खुराड्याची प्रत्येक फट बुजवतात. वरून ताडपत्री, बाजूनं पोती, दाराला गोधडी. माया असते, पण त्यातच घोळ होतो. दहा-बारा कोंबड्या रातभर श्वास सोडतात, विष्ठा टाकतात. त्या ओलाव्याला बाहेर जायला वाट राहत नाही. विष्ठेतून अमोनिया वायू निघतो. तो डोळ्यांना झोंबतो, श्वासनळीची आतली साल खराब करतो आणि मग सर्दी, घरघर, डोळे सुजणं सुरू होतं. लोकांना वाटतं अजून थंडी लागतेय. ते अजून एक पोतं लावतात.

तपासायचं सोपं आहे. पहाटे खुराडं उघडताना कोंबडीच्या उंचीएवढं खाली वाकायचं आणि नाक आत घालायचं. आपले डोळे चुरचुरले तर त्या रातभर तेच सोसत होत्या असं समजा. पत्र्याच्या आतून थेंब गळत असतील तरीही तेच. टिनाच्या छपराखाली हा त्रास जास्त, कारण पत्रा रात्री गार पडतो आणि आतली वाफ त्यावर पाणी होऊन कोंबडीच्या पाठीवर गळते. टिनावर तणसाचा जाड थर टाकून वरून बांबूनं दाबला तर गळणं बरंच कमी होतं. माती-बांबूच्या भिंती आणि तणसाचं छप्पर असलेलं जुन्या पद्धतीचं खुराडं या बाबतीत टिनाच्या पेटीपेक्षा सरस आहे, दिसायला कसंही असो.

गार वारा उत्तरेकडून येतो. तेवढी बाजू पोत्यानं किंवा शेणानं लिंपलेल्या तट्ट्यानं पक्की बंद करायची. कोंबड्या बसतात तिथं, म्हणजे खालच्या भागात, थेट वारा लागू द्यायचा नाही. पण छपराच्या खाली, त्यांच्या डोक्याच्या वर, चार बोटांची फट दोन्ही बाजूंना उघडीच ठेवायची. गरम ओली हवा वर चढते आणि तिथून निघून जाते. त्या फटीला बारीक जाळी मारली की मुंगूस आणि रानमांजर आत शिरत नाही. पुढची पोती सकाळी ऊन आलं की वर गुंडाळायची. दिवसभर लोंबकळत ठेवू नका.

जागाही पाहावी. दहा गावरान कोंबड्यांना रात्री बसायला चार बाय तीन फूट तरी लागते. बसायला जमिनीपासून दीड-दोन फुटांवर आडवी बांबूची दांडी द्या. कोंबडी दांडीवर बसते तेव्हा पोटाची पिसं पायांवर येतात आणि पाय गरम राहतात. गार ओल्या जमिनीवर बसवली तर तीच कोंबडी गारठते.

खाली अंथरायला राईस मिलचा भुसा सगळ्यात चांगला, आणि वडशाच्या आसपास तो मिळायला अडचण नाही. दोन-तीन इंचांचा थर टाकावा, दोन-तीन दिवसांनी काडीनं खालीवर करावा, ओला झालेला भाग काढून शेणखताच्या खड्ड्यात टाकावा. मुठीत दाबला आणि गोळा झाला तर तो ओला आहे, बदला. मूठभर विरलेला चुना मिसळला तर ओल कमी होते. ओल्या अंथरुणावर पिल्लांना रक्ताची हगवण लागते. तो आजार थंडीचा नसून ओलीचा असतो.

तणस टाकायचं तर नीट पाहून. कापणीच्या वेळी पाऊस येऊन गेला असेल तर ढिगाच्या आतलं तणस काळं पडलेलं, कुबट वासाचं असतं. त्यातली बुरशी श्वासातून कोंबडीच्या फुप्फुसात बसते. पिल्लं चोच उघडून धापा टाकतात आणि मरतात, त्यावर उपयोगी औषध नाही. असं तणस खुराड्यात नकोच. बुरशी धरलेला मका किंवा ढेपही याच कारणानं टाकू नये. माणसाला चालत नाही ते कोंबडीला चालतं हा समज चुकीचा आहे.

शेकोटी खुराड्यात किंवा अगदी दाराशी पेटवू नका. धुरानं श्वासाचे आजार वाढतात, आणि तणसाच्या छपराजवळ ठिणगी उडाली तर घरही जाईल. एक गोष्ट आपल्या भागापुरती : खुराडं घराला लागून आणि दार मजबूत असावं. अंधार लवकर पडतो, बिबट गावाच्या काठापर्यंत येतो आणि कोंबडीच्या मागं आलेल्या बिबट्याची गाठ माणसाशी पडते. दिवस मावळायच्या आत कोंबड्या कोंडा. रात्री आवाज आला तर एकट्यानं टॉर्च घेऊन बाहेर पडू नका.

मानमोडी : हिवाळ्यातला खरा मारेकरी

अख्खं खुराडं, अख्खी वस्ती रिकामी करणारा आजार म्हणजे मानमोडी, सरकारी भाषेत राणीखेत. राणीखेत हे उत्तराखंडातलं गाव. १९२० च्या दशकात तिथं या रोगाची नोंद झाली म्हणून देशभर तेच नाव पडलं. आपल्याकडचं नाव जास्त बोलकं आहे, कारण जगलेल्या कोंबडीची मान वाकडी होते, ती गोल गोल फिरते, दाण्यावर चोच नेम धरून पडत नाही. त्याआधी ती सुस्त होते, पंख पाडते, हिरवट-पांढरं पातळ हगते, घशातून घरघर आवाज काढते. एकीला लागला की आठवडाभरात शेजारच्या चार घरांत पोचतो. लस नसलेल्या कळपातल्या बहुतेक कोंबड्या जातात.

विषाणू थंडीतून तयार होत नाही. तो येतो बाहेरून, आणि आपल्याकडं त्याला यायला हिवाळ्यात रस्ते फार असतात. मंडईला, पाहुण्याला कापायला म्हणून बाजारातून दोन कोंबडे आणतात. एक कापला, दुसरा "राहू दे चार दिवस" म्हणून घरच्या कळपात सोडला. लेकीच्या गावाहून कोंबडी येते. कोंबड्या गोळा करणारा व्यापारी एकच पिंजरा आणि तेच पाय घेऊन दहा गावं फिरतो. बाजारातून कापून आणलेल्या कोंबडीची पिसं-आतडी मागच्या दारी फेकली जातात आणि घरच्या कोंबड्या ती टोचतात. आणि कोंबडबाजार. पायाला काती बांधून कोंबडे झुंजवणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, तरी जंगलाच्या आडोशाला ते भरतात, पोलिसांच्या धाडीही पडतात. कायद्याचं बाजूला ठेवलं तरी दूरदूरच्या गावांतले कोंबडे एका जागी रक्त-लाळ सांडतात आणि उरलेले संध्याकाळी आपापल्या खुराड्यात परततात. मानमोडीला याहून सोयीची जागा नाही.

या रोगावर औषध नाही. हळद, लसूण, ताडी, अजून काय काय पाजायला सांगणारा माणूस प्रत्येक गावात असतो. हळदीनं नुकसान काही नाही, पण तिनं मानमोडी बरी झाली असं म्हणणाऱ्याच्या कोंबड्या मोजून पाहाव्या. उपाय एकच, आणि तो आजार यायच्या आधीचा : लस.

पिल्लू पाच ते सात दिवसांचं झालं की लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात. चौथ्या आठवड्यात तीच पुन्हा. आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी नावाची लस, ती टोचतात. ही लस उत्तराखंडातल्याच मुक्तेश्वरच्या संस्थेत १९४० च्या दशकात तयार झाली आणि अजून तीच वापरात आहे. आर-टू-बी लहान पिल्लाला कधीही टोचू नये, त्याला त्यातूनच आजार होऊ शकतो. मोठ्या कोंबड्यांना दरवर्षी हिवाळ्याआधी पुन्हा टोचून घ्यावी. अंड्यावरच्या कोंबडीची अंडी काही दिवस कमी होतात, त्यानं घाबरू नये.

गावात लस फसते ती बहुतेक वेळा लसीच्या दोषानं नाही. बाटली २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रीजमध्ये ठेवायची असते. ती खिशात घालून मोटारसायकलवर उन्हातून आणली की आतली लस मेली. थर्मासमध्ये बर्फ घालून आणावी, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी द्यावी आणि पाण्यात कालवल्यावर तास-दोन तासांत संपवावी. उरलेली दुसऱ्या दिवशी चालत नाही. एका बाटलीत शंभर किंवा त्याहून जास्त कोंबड्यांची मात्रा असते, म्हणून "माझ्या आठच कोंबड्या, कशाला बाटली फोडायची" असं होतं आणि कुणीच टोचत नाही. बचत गटातल्या बायांनी एक दिवस ठरवून पूर्ण टोलीच्या कोंबड्या एकाच संध्याकाळी टोचून घ्याव्या. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी सांगून ठेवलं तर काम सोपं होतं. लस टोचल्यावर अंगात ताकद यायला दोन आठवडे लागतात, त्यामुळे मंडईच्या तोंडावर धावपळ करून उपयोग नाही. दिवाळीच्या आधीच उरकावं. टोचण्याच्या आठवडाभर आधी जंताचं औषध द्यावं. आधीच सुस्त असलेल्या कोंबडीला लस देऊ नये.

बाहेरून आणलेली कोंबडी, मग ती कितीही तरतरीत दिसो, दोन-तीन आठवडे वेगळ्या डालग्याखाली, वेगळ्या दाणापाण्यावर ठेवावी. कापायलाच आणली असेल तर कापेपर्यंत वेगळीच. पिसं-आतडी पुरावी.

नदीपलीकडं काय झालं होतं

जानेवारी २०२५ मध्ये वैनगंगेपलीकडं ब्रह्मपुरी तालुक्यातल्या मांगली गावात कोंबड्या मेल्या. नमुने तपासले, भोपाळच्या प्रयोगशाळेतून बर्ड फ्लूवर शिक्कामोर्तब झालं आणि दहा किलोमीटरचा परिसर सतर्कता क्षेत्र जाहीर झाला. त्याच सुमारास नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट मेला होता, त्यांच्यातही हाच विषाणू निघाला. महाराष्ट्रातच नाही तर देशात हा रोग पहिल्यांदा सापडला तो नंदुरबारच्या नवापूरमध्ये, फेब्रुवारी २००६ मध्ये. तोही हिवाळाच.

थंडीत बाहेरदेशीचे पाणपक्षी आपल्या तलावांवर, बोड्यांवर उतरतात. त्यांच्या विष्ठेतून हा विषाणू येऊ शकतो. म्हणून बदकं आणि कोंबड्या एकत्र ठेवू नये, आणि रानबदकं बसतात त्या बोडीच्या काठावर कळप चरायला सोडू नये.

मानमोडी आणि बर्ड फ्लू नुसत्या डोळ्यानं वेगळे ओळखता येत नाहीत. एक-दोन दिवसांत चार-पाच कोंबड्या मेल्या, तुरा निळा-काळा पडला, डोकं सुजलं, गावात कावळेही मरून पडले, तर थेट १९६२ या मोफत क्रमांकावर किंवा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. लोक कळवत नाहीत, कारण सगळ्या कोंबड्या मारतील ही भीती असते. ती भीती खोटी नाही. बर्ड फ्लू निघाला तर एक किलोमीटरच्या आतले पक्षी मारतात. पण नियम असा आहे की सरकारनं मारलेल्या पक्ष्याची भरपाई मिळते, आधीच मेलेल्याची मिळत नाही. म्हणजे लपवून ठेवणाऱ्याचं दोन्हीकडून जातं. आणि आजारी दिसायला लागली म्हणून घाईनं कापून खाणं किंवा बाजारात नेऊन विकणं हे शेजाऱ्याच्या घराला आग लावण्यासारखं आहे. मेलेली कोंबडी उघड्या हातानं धरू नका, पन्नी हाताला गुंडाळा, तीन फूट खड्डा करून चुना टाकून पुरा. नाल्यात, नदीत फेकू नका. निरोगी कोंबडी नीट शिजवून खायला हरकत नाही. ७० अंशांच्या वर हा विषाणू टिकत नाही आणि आपला रस्सा त्याहून कितीतरी जास्त उकळतो.

दाणा-पाणी

थंडीत अंग गरम ठेवायला कोंबडीला जास्त खावं लागतं. दिवसभर ती अंगणात, खऱ्यावर, बांधावर वेचते, पण कापणीचे सांडलेले दाणे संपले की जानेवारीत तिची खरी उपासमार सुरू होते. संध्याकाळी कोंडायच्या अर्धा तास आधी तिला दाणा टाका : कणी, मका भरडा, ज्वारी, जे घरी असेल ते, कोंबडीमागं एक मूठ. भरलेली गोटी रातभर हळूहळू पचते आणि त्या पचनातून ऊब मिळते. सकाळी दिला तर तोच दाणा तेवढा कामी येत नाही. नुसत्या कणीवर अंडं येत नाही. सुकटाचा चुरा, वाळवी, मुनग्याचा पाला यातलं काहीतरी हवंच. अंड्याच्या कवचासाठी बोडीतल्या शिंपल्या कुटून ठेवाव्या. लाखोरी घरात भरपूर असते, पण पिल्लांना अजिबात नको, तिच्यातला विषारी अंश नसांवर जातो.

पाण्याकडं कुणी लक्ष देत नाही. मोठी कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पिते. रातभर गार पडलेल्या पाण्याला ती तोंड लावत नाही, पाणी कमी प्यालं की खाणं कमी होतं. सकाळी शिळं फेकून बोरिंगचं ताजं भरा, थंडीत ते कोमट येतं. काही तापवायची गरज नाही. एका कोपऱ्यात चुलीची राख आणि कोरडी रेती ठेवली तर कोंबड्या त्यात लोळून उवा-पिसवा झाडतात.

अंडी हिवाळ्यात कमी का होतात, हे पुष्कळ जण विचारतात. कोंबडीला पूर्ण अंड्यावर राहायला १४ ते १६ तास उजेड लागतो आणि डिसेंबरात आपल्याकडं दिवस अकरा तासांच्या आसपासच असतो. पिसं गाळण्याचाही तोच काळ. ग्रामप्रिया, वनराजसारख्या जातीच्या वीस-पंचवीस कोंबड्या असतील तर पहाटे एक छोटा बल्ब लावून उजेड वाढवणं परवडतं. पाच-सात गावरान कोंबड्यांसाठी त्या भानगडीत पडू नये. त्यांना आराम करू द्या, संक्रांतीनंतर दिवस वाढला की त्या आपोआप लागतात.

पिल्लं

पिल्लाला मात्र थंडी खरोखर मारते. अंगावर पिसं नसतात, ऊब बाहेरून द्यावी लागते. पहिल्या आठवड्यात ३५ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी, पिसं येईपर्यंत. मोजायला यंत्र नको, पिल्लांकडंच पाहायचं. बल्बखाली एकावर एक चढून चिवचिव करत असतील तर गार आहे. बल्बपासून लांब पळून चोच उघडून बसली असतील तर गरम जास्त. सगळीकडं पसरून खात-झोपत असतील तर बरोबर. एकावर एक चढलेल्या ढिगात खालची गुदमरून मरतात, सकाळी लोक त्यालाही रोग समजतात. रात्री लाइट गेली तर काय करायचं हे आधीच ठरवून ठेवा : मातीच्या मडक्यात गरम राख आणि थोडे निखारे, वर झाकण, भोवती पोतं, आणि मडकं टोपलीच्या बाहेरून लावलेलं. धूर होईल असं काही नको.

गावरान कोंबडी स्वतः पिल्लं घेऊन असेल तर ती हे काम बल्बपेक्षा चांगलं करते, फक्त पंखाखाली मावतील एवढीच पिल्लं हवीत. पावसाळ्याआधी पंधरा अंडी खाली ठेवणाऱ्यांनी थंडीत नऊ-दहावर थांबावं. कडेची अंडी गार पडतात आणि नासतात. आठवड्यापेक्षा जुनी अंडी बसवू नये. टोपली घरात, चुलीच्या भिंतीला लागून ठेवावी. अंडी २१ दिवसांनी फुटतात, त्या हिशोबानं जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात बसवलेल्या कोंबडीची पिल्लं फेब्रुवारीत निघतात, तोवर रातची थंडी उतरलेली असते, आणि एप्रिलची आग पडेपर्यंत त्यांच्या अंगावर पिसं आणि लासोटाचे दोन्ही थेंब झालेले असतात.